म्हाळातल्या पुड्या

म्हाळ लागला की सराफांच्या गुजरीतला आवाज खाली येतो. गणपती जाऊन दोन दिवस झालेले असतात, मांडवाचे बांबू रस्त्याच्या कडेला अजून पडून असतात, आणि ज्या गल्लीत एरवी दोन बायका शेजारून चालू शकत नाहीत, तिथं दुकानदार पेपर पसरून बसलेले दिसतात. पितरांच्या पंधरवड्यात सोनं कोण घेणार? "म्हाळ सरू दे, मग बघू की," असं म्हणून गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरतं. पाऊस धड पडत नाही आणि धड जातही नाही. समोरच्या गच्चीवर पत्रावळ ठेवलेली असते आणि कुणीतरी कावळ्याची वाट बघत छत्री धरून उभं असतं.

आम्ही जैन. आमच्या घरात श्राद्ध नाही, कावळ्याला पान नाही. पण गिऱ्हाइकाचा म्हाळ तोच आमचा म्हाळ. लहानपणी मला वाटायचं, हा वर्षातला सगळ्यात कंटाळवाणा काळ. आता वाटतं, कंटाळवाणाच असता तर किती बरं झालं असतं.

आमचं दुकान खड्यांचं. सोनं नाही, चांदी नाही, नुसते खडे. गुजरीच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर, चौदा लाकडी पायऱ्या चढून गेलं की दहा बाय बाराची खोली आणि उत्तरेला तोंड करून एक मोठी खिडकी. ही खिडकी म्हणजेच दुकान, बाकी सगळं सामान. माझे वडील, ज्यांना घरात आणि बाजारात सगळेच अण्णा म्हणायचे, ट्यूबलाइटखाली कधी खडा बघायचे नाहीत. सकाळी दहा ते बारा, उत्तरेच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर. बारानंतर कुणी खडा घेऊन आला तर चहा पाजून "उद्या या" म्हणायचे. माणूस गडहिंग्लजहून आलेला असला तरी उद्याच. लोक कुरकुरायचे आणि दुसऱ्या दिवशी यायचे, कारण अण्णांनी बघितलं म्हणजे विषय संपला. सोनारांची भांडणं आमच्या खिडकीत मिटलेली मी पाहिली आहेत.

आज त्या खिडकीत मी बसते. आजही म्हाळ आहे, आजही गिऱ्हाईक नाही. खिडकीच्या काचेवर पाण्याचे थेंब आहेत आणि उजेड असा मळका, की माणीक आणि स्वस्तातला लाल तामडा यांत भांडण लावून द्यावं.

लोकांना नऊ रत्नं माहीत असतात. त्यातलीही चारच नीट माहीत असतात, उरलेली ज्योतिषानं सांगितल्यावर माहीत होतात. अण्णांचा जीव मात्र ज्यांना कुणी विचारत नाही अशा खड्यांत. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात एकेका कागदी पुडीत एकेक खडा. समोरचा सोनार त्या डब्याला 'अण्णांचा अनाथाश्रम' म्हणायचा, आणि अण्णा हसून मान डोलवायचे, कारण ते खरंच होतं. जयपूरहून, ओरिसातून खड्यांचे लॉट यायचे. ते तांदळासारखे निवडायचे. निवडताना मध्येच एखादा खडा असा निघायचा की तो त्या लॉटमधला नाही. चुकून आलेला. रंग सारखा, पण जात वेगळी. दुसरा कुणी असता तर त्यानं तो लॉटमध्येच ठेवून विकला असता. अण्णा तो बाजूला काढायचे, आठ दिवस त्याच्याकडे बघत राहायचे आणि मग त्याचं नाव लिहून डब्यात टाकायचे.

त्यातले काही दागिन्याच्या कामाचेच नव्हते. अपॅटाइट नावाचा एक निळसर हिरवा खडा होता, देखणा, पण इतका मऊ की अंगठीत घातला तर वर्षभरात भांडी घासून त्याचं तोंड झिजेल. कायनाइट एका दिशेनं टणक आणि दुसऱ्या दिशेनं मऊ. "तुझ्या थोरल्या आत्यासारखा," अण्णा म्हणायचे, "कुठनं बोलायचं ते बघून बोलायचं." स्फीन म्हणून एक पिवळट हिरवा खडा होता, हिऱ्यापेक्षाही जास्त रंग फेकणारा. त्याला मराठीत नाव नाही, म्हणून अण्णांनी त्याचं नाव भुईनळा ठेवलं होतं. आणि नीली. नीलम नव्हे, नीली. मी सातवीत असताना त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "फिरीव." एका अंगानं ती वांग्याच्या सालीसारखी दिसत होती, फिरवली तर नुसतं पाणी, आणखी फिरवली तर फिकट पिवळी. मला वाटलं, यांनी हातचलाखीनं खडा बदलला. मी त्यांना दुसरी मूठ उघडायला लावली तेव्हा ते पोट धरून हसले होते.

पण डब्यातली थोरली लेक म्हणजे लालडी. तिला इंग्रजीत स्पिनेल म्हणतात. अण्णा विशीत असताना एका पेढीवर निवडायला बसायचे. तामड्याचा लॉट होता, सगळे लाल, काळपट, स्वस्त खडे. त्यांनी त्यातून एक उचलला आणि म्हणाले, "हा तामडा न्हाई." पेढीवरची जुनी माणसं हसली. अण्णांनी तो बाहेर उन्हात धरला. तामडा उन्हात धरला तरी आतून काळपटच राहतो. लालडी मात्र निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखी दिसते. मालकानं तो खडा अण्णांना बक्षीस दिला, आणि बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवसापासून शेवटची नजर त्यांची ठरली. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. प्रत्येक वेळी तो लॉट थोडा मोठा होत गेला.

तर म्हाळात गिऱ्हाईक नसतं म्हणून हा डबा उघडायचा. खड्याच्या पुडीचा कागद वर्षभरात घड्यांवर विरतो, आतला पातळ निळसर कागद फाटतो. मग दरवर्षी म्हाळात पुड्या बदलायच्या. त्यातही अण्णांनी एक नेम करून ठेवला होता. जुनी पुडी मी उघडायची, नाव लिहिलेली बाजू माझ्याकडे. खडा त्यांच्या तळहातावर उपडा करायचा. ते खिडकीत धरून बघणार, नाव सांगणार आणि मग मला विचारणार, "बघ." मी जुन्या कागदावरचं नाव आणि खडा दोन्ही बघून सांगायचं, "बरोबर." मग नव्या कागदावर ते स्वतः नाव लिहिणार. परीक्षा दरवर्षी तीच, खडे तेच, उत्तरं तीच. तरी अण्णा दरवर्षी ताठ बसायचे. सोळाव्या वर्षापासून मी हा 'बघ' ऐकत आले होते. माझं लग्न झालं, मी निपाणीला गेले, तिथूनही म्हाळात येत राहिले, नवरा गेल्यावर कायमची परत आले, दुकानात बसू लागले. त्या सगळ्यात हा शब्द तसाच राहिला. अण्णांनी मला कधी शाबास म्हटलं नाही. 'बघ' म्हणायचे, आणि मी बघितल्याशिवाय पुडी बांधायचे नाहीत, एवढंच.

ज्या म्हाळाबद्दल मी लिहिते आहे, त्याला सात-आठ वर्षं झाली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात अण्णांना काचबिंदू असल्याचं कळलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकवू. अण्णा दवाखान्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "चल, दुकान उघडायचं हाय." पायऱ्या ते मोजून चढू लागले. गिऱ्हाईक ओळखायचं तर पावलांच्या आवाजावरून. खडा हातात घेतला की आधी गालाला लावायचे, कारण खरा खडा काचेपेक्षा गार लागतो. मी हे सगळं बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत करतात तसंच.

त्या वर्षी डब्याला एक कारणही होतं. मगदूम सर म्हणून जयसिंगपूरचे निवृत्त शिक्षक, अण्णांचे तीस वर्षांचे स्नेही. भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांना पैलू पाडलेले खडे म्हणजे शिकवून बिघडवलेली पोरं वाटायची आणि अण्णांना सरांचे दगड म्हणजे न्हाऊ न घातलेली. दोघं दर म्हाळात भेटून हे एकमेकांना सांगायचे. सर तिथल्या एका शाळेत दगड मांडायला काचेचं कपाट करत होते आणि अण्णांनी त्यांना अख्खा डबा देऊन टाकायचं ठरवलं होतं. "पोरांना कळू दे की," म्हणाले, "लाल म्हंजे नुसतं माणीक नसतंय."

तृतीयेला आम्ही बसलो. बाहेर झिमझिम होती. अण्णांनी टोपी काढून ठेवली, नवे कागद मांडीवर घेतले. दिसत नाही म्हणून पेन्सिलीऐवजी जाड स्केचपेन आणवलं होतं. पहिल्या काही पुड्या ठीक गेल्या. मग मी एक पुडी उघडली, त्यावर अण्णांच्या बारीक अक्षरात 'लालडी' लिहिलेलं. खडा त्यांच्या तळहातावर टाकला. त्यांनी तो गालाला लावला, खिडकीकडे धरला, मान इकडे केली, तिकडे केली. आणि म्हणाले, "तामडा. बघ."

माझ्या हातात कागद होता. त्यांच्या हातात तोच खडा होता, जो त्यांनी विशीत उचलला होता. मी एवढंच म्हणायचं होतं की, अण्णा, परत बघा. एवढंच. त्यांनी परत बघितलं असतं, कदाचित ओळखलंही असतं, नसतं तर मी सांगितलं असतं. चाळीस वर्षं आमचं काम असंच चाललं होतं. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून शब्द गेला, "बरोबर."

त्यांनी नव्या कागदावर मोठ्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत 'तामडा' लिहिलं.

एकदा म्हटल्यावर पुढचं सोपं गेलं. कायनाइटला नीली म्हणाले, बरोबर. भुईनळ्याला जबरजद, म्हणजे साधा पोपटी खडा, म्हणाले, बरोबर. ज्याचं नाव त्यांनीच ठेवलं होतं त्याला. अशा सात पुड्या. जुने सात कागद मी फेकले नाहीत, पर्समध्ये ठेवले. म्हणजे मला ठाऊक होतं मी काय करते आहे. भावनेच्या भरात झालं असं मला म्हणता येणार नाही.

शेवटची पुडी बांधून झाल्यावर अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "सगळी बरोबर?" त्यांनी विचारलं.

"सगळी," मी म्हणाले.

"मग डॉक्टर काय बी सांगतोय म्हणायचं," ते म्हणाले आणि भडंग आणायला सांगितलं.

पंचमीला मगदूम सर आले, एसटीनं, पिशवीत डबा घेऊन गेले. सप्तमीला त्यांचा मला फोन आला. आधी तब्येत, पाऊस, मग म्हणाले, "सुमती, ती तामड्याची म्हणून पुडी हाय, त्यात लालडी कशी काय?" ते मोठे समजूतदार. म्हणाले, "असू दे. मी हितं बघून नीट लावतो. अण्णांना कशाला सांगायचं?" मला इतकं हलकं वाटलं की मी फोन ठेवून रडले. सगळं मिटलं होतं. खडे आपापल्या नावावर जातील, अण्णांना कळणार नाही, कुणाचं काही गेलं नाही.

पण गेलं होतं, आणि ते खिडकीतच बसलं होतं. त्या पुड्यांनंतर अण्णा बदलले. उन्हाळ्यापासून ते खडा हातात घ्यायला कचरायचे, आलेलं गिऱ्हाईक हळूच माझ्याकडे सरकवायचे. आता ते स्वतः हात पुढे करू लागले. सकाळी दहाच्या आत येऊन बसायचे. पायऱ्या चढताना मोजणं बंद केलं. आईला म्हणाले, थेंबांनी फरक पडलाय. आई आनंदली, तिनं पुरण घातलं. मी माझी पोळी आईच्या ताटात सरकवली. आणि खरं सांगायचं तर मला आनंदही होत होता. ते पूर्वीसारखे दिसत होते. ते हवंच होतं मला.

एकादशीला कागलहून एक जोडपं आलं. तो तिथल्या एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत, सुट्टीचा दिवस होता. खरेदी नव्हतीच. त्यानं शर्टाच्या खिशातून एक जुनी अंगठी काढली, हिरवा खडा. "आईची हाय," म्हणाला. "ती म्हनतीय पाचू हाय. तिच्या आईनं दिलेली. आता ती अंथरुणाला हाय, सुनंला देनार म्हनतीय. म्हटलं, एकदा बगून घ्यावं."

मी हात पुढे केला त्याआधी अण्णांनी केला. अंगठी गालाला लावली. ती खिशात राहून कोमट झालेली होती. भिंगातून बघितलं, खिडकीकडे धरलं. उजेड सांडपाण्यासारखा.

"काच हाय," अण्णा म्हणाले. मग अंगठी माझ्याकडे दिली. "सुमे, बघ."

मी बघितलं. भिंगातून त्या खड्याच्या मागच्या पैलूंची प्रत्येक कड दोन-दोन दिसत होती. काचेत कधी कड दुहेरी दिसत नाही, हे अण्णांनीच मला शिकवलेलं. पाचू नव्हता, पण काच तर मुळीच नव्हती. तुरमुली होती, चांगल्या पाण्याची, आणि आतमध्ये केसासारखी एक रेघ. अण्णा माझ्याकडे तोंड करून बसले होते. गिऱ्हाइकासमोर. मी म्हणाले, "हं."

तो माणूस हसला. "तरी मी म्हनतच हुतो," बायकोला म्हणाला. "सांगतो आता आईला, जलमभर काच घालून मिरवलीस म्हनून." बायको हसली नाही. तिनं अंगठी त्याच्या हातातून घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. दोघं उतरून गेले.

मी किती वेळ बसले ठाऊक नाही. फार नसेल. मग मी उठले आणि चपला न घालता पायऱ्या उतरले. बोळाच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर ते उभे होते. मी धापा टाकत म्हणाले, "पावणं, ती काच नाही. पाचू नाही, पण खरा खडा आहे. तुरमुली म्हणतात. जपून ठेवा. आईंना सांगा, खरा आहे."

बायकोनं पदराची गाठ मुठीत धरली. तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला, माझ्या चिखलानं भरलेल्या पायांपर्यंत. मग म्हणाला, "मग वरती का बोलला न्हाईसा?"

मी परत आले. पायऱ्या चढताना मीच मोजत होते.

अण्णा खिडकीकडे पाठ करून बसले होते. "पळत कुठं गेलतीस?" त्यांनी विचारलं. पावलांवरून माणूस ओळखणाऱ्याला पळणं ओळखायला काय लागतं?

"त्या पावण्यांना सांगायला," मी म्हणाले. "काच नव्हती अण्णा. तुरमुली होती."

खाली कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो आवाज येत राहिला.

"आनी पुड्या?" अण्णा म्हणाले.

मी पर्स पुढ्यात ओढली.

"किती?"

"सात."

"लालडी बी?"

"हो."

"काय म्हटलं मी तिला?"

"तामडा."

त्यांनी मान हलवली, हळू, एखाद्याच्या मयतीची बातमी ऐकल्यावर हलवतात तशी. मी रडायला लागले. मी म्हणाले, मगदूम सर नीट लावणार आहेत, सगळं नीट होणार आहे, मला तुमचं मन मोडवलं नाही, अण्णा. पुष्कळ काहीतरी बोलत गेले. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "कवा झाल्या पुड्या? तिजेला न्हवं?"

"हो."

"आठ दिवस," ते म्हणाले. "सुमे, माझं डोळं गेलं हे मला ठावं हाय. डॉक्टरनं सांगायच्या आधीपासनं ठावं हाय. मी ह्या खिडकीत बसलोतो ते माझ्या डोळ्यांवर न्हवं. तुझ्या. तू बरोबर म्हटलंस म्हणून मी हात फुडं केला. म्हंजे आठ दिवस ह्या दुकानात कुणीच बघत न्हवतं म्हण की."

ओरडले असते तर सोसलं असतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "चहा सांग."

दुसऱ्या दिवशी मी जयसिंगपूरला गेले. शाळेत सरांनी खडे कार्डांवर लावायला घेतले होते, प्रत्येकाखाली अण्णांच्या हातचा कागद. सात ठिकाणी मी पर्समधले जुने कागद चिकटवले. त्यामुळे त्या कपाटात आजही दोन तऱ्हांची अक्षरं आहेत. काही नावं मोठी, एकमेकांवर चढलेली, आणि सात नावं बारीक, रेखीव, पेन्सिलीतली. बघणाऱ्याला वाटतं, दोन माणसांनी लिहिली. सरांनी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "बरं केलंस," पण त्यांच्या आवाजात तसं काही नव्हतं.

अण्णा आजारी पडले नाहीत, रुसले नाहीत. लोकांना वाटेल, त्या दिवसानंतर त्यांनी दुकान सोडलं असेल. उलट ते रोज आले. तीच खुर्ची, तोच चहा. माझ्याशी बोलायचे, आत्याची नक्कल करायचे, आईनं भाजीत मीठ जास्त घातलं की मला साक्षीला बोलवायचे. कुणी बाहेरचा आला असता तर म्हणाला असता, बापलेकीचं छान चाललंय. आणि चाललंही होतं. पण कुणी खडा घेऊन आला की ते खुर्ची जरा मागे सरकवायचे आणि म्हणायचे, "लॅबला पाठवा, पावणं. आता मशीन निघाल्यात." गिऱ्हाईक म्हणायचं, तुमच्यासारखं मशीनला काय कळतंय अण्णा. अण्णा हसायचे. "मशीनला कुणाची दया येत न्हाई," म्हणायचे. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, टोमणा नाही, काही नाही. दरवेळी माझ्या हातातलं काम थांबायचं.

मी एकदा मुद्दाम चांगला लॉट मागवला. निवडून त्यातला एक वेगळा निघालेला खडा त्यांच्यासमोर कागदावर ठेवला. म्हटलं, अण्णा, हा बघा जरा. मला वाटलं, ते गालाला लावतील, काहीतरी नाव घेतील, चुकीचं का असेना, आणि मग मला 'बघ' म्हणतील. त्यांनी बोटानं कागदाची कड चाचपली, त्याची चौघडी करून खडा आत गुंडाळला आणि पुडी माझ्या बाजूला सरकवली. "चांगला असंल," म्हणाले.

पुढच्या म्हाळात डबा नव्हताच, त्यामुळे पुड्या बदलायचा प्रश्न आला नाही. आम्ही दोघांनी खिडकीत बसून पाऊस बघितला. म्हणजे मी बघितला. त्याच्या पुढच्या वर्षी चैत्रात अण्णा गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. मगदूम सर आले होते. गुजरी अर्धा दिवस बंद होती.

आता लोक माझ्याकडे येतात. लॅबचा कागद असला तरी येतात, म्हणतात, ताई, एकदा तुमच्या नजरेखालनं जाऊ दे. सोनारांची भांडणं पुन्हा या खिडकीत मिटतात. परवा एक जण म्हणाला, बाईंचा डोळा थेट अण्णांचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी हसले. मी फटकळ झाले आहे असंही म्हणतात. नव्या नवरीची अंगठी असो नाहीतर कुणाच्या मेलेल्या आईची, जे असेल ते मी तोंडावर सांगते. बायका रडत उतरल्या आहेत या पायऱ्यांवरून. एकीनं मला तळतळाट दिला. मी तरी सांगते.

त्या एकादशीपासून आजपर्यंत एकाही खड्याचं नाव मी चुकीचं सांगितलेलं नाही. दीड वर्ष अण्णा माझ्यापासून चार हातांवर बसून होते. त्यांनी मला एकदाही 'बघ' म्हटलं नाही.